तुम्ही विचारलंत म्हणून: एवढंसं सिंगापूर, तिथे ईव्ही म्हणजे सोपंच की!

पुण्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, काकांपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत, की तुमचं सिंगापूर एवढंसं, एका चार्जमध्ये अख्खा देश फिरून होईल, मग तिथे सगळे ईव्हीच, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्याच, घेत असतील ना, आणि मग आपल्याकडेच का घोडं अडतं? आमच्याकडे ईव्ही आहे, हो. पण 'देश छोटा म्हणून सोपं' हे जे सगळ्यांनी धरून ठेवलंय ते मला काही पटत नाही, आणि ताटावर बसून एवढं सगळं सांगत बसले तर आमटी गार होते, म्हणून एकदाच लिहून टाकते.

अंतराचं आधी, कारण ते लगेच संपतं. पूर्व-पश्चिम साधारण ५० किलोमीटर, उत्तर-दक्षिण २७. पश्चिम टोकाच्या तुआसपासून पूर्व टोकाच्या चांगीपर्यंत एसी फुल ठेवून गेलात तरी दहा-पंधरा टक्के बॅटरी जाते, बस. रेंजची काळजी इथे देशाबाहेर पडलं की सुरू होते, म्हणजे पूल ओलांडून मलेशियातल्या जोहोरला आणि तिथून क्वालालंपूरला, ते साडेतीनशे किलोमीटर, तेव्हा चार्जर कुठे कुठे आहेत ते आधी बघून ठेवावं लागतं. गंमत म्हणजे पेट्रोल गाडीवाल्यांना मलेशियात जाताना टाकी तीन-चतुर्थांश भरलेली असावीच लागते, कमी असली तर दंड, कारण नाहीतर सगळे पलीकडे जाऊन स्वस्तात टाकी फुल करून येतील. आम्हाला टाकीच नाही, त्यामुळे वुडलँड्सच्या, म्हणजे सीमेवरच्या नाक्याच्या, रांगेत तेवढ्यापुरते आम्ही निवांत.

आता खरी गोष्ट. इथे गाडी विकत घेणं म्हणजे आधी गाडी ठेवायचा परवाना विकत घेणं, त्याला सीओई म्हणतात, १९९० पासून आहे. महिन्यातून दोनदा लिलाव होतो, बुधवारी दुपारी चारला बोली बंद, आणि त्या दिवशी ऑफिसमध्ये ज्याला गाडी घ्यायचीय तो कामात नसतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या गाड्यांच्या बी कॅटेगरीचा भाव दीड लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता. हा फक्त परवाना हं, गाडी वेगळी, टॅक्स वेगळे. रुपयांत करू नका, जेवण जाणार नाही. आणि इतकं मोजून तो परवाना मिळतो दहा वर्षांचा. दहा वर्षं झाली की गाडी कितीही चकाचक असो, एकतर चालू भावाने सीओई पुन्हा भरा नाहीतर गाडी काढा, मग ती भंगारात जाते नाहीतर दुसऱ्या देशात.

आता याच्यावर ईव्ही ठेवून बघा. सरकारने सांगितलंय की २०३० पासून नवीन रजिस्ट्रेशन फक्त क्लीनर गाड्यांचं, म्हणजे ईव्ही, हायब्रिड वगैरे, आणि २०४० पर्यंत रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्या तशा असाव्यात. डिझेलच्या नवीन कार आणि टॅक्सी तर २०२५ पासूनच बंद. मला आधी वाटायचं हे आकडे कुठल्या तरी कॉन्फरन्ससाठी काढलेत. मग लक्षात आलं की २०२९ ला शेवटची पेट्रोल गाडी रजिस्टर झाली तर तिची दहा वर्षं २०३९ ला संपतात! काही लोक सीओई पुढे वाढवतील, पण बहुतेक गाड्या आपसूक जातील, कुणाच्या दारात जाऊन 'गाडी द्या' म्हणायची गरजच नाही. वर २०१८ पासून एकूण कारची संख्यासुद्धा फारशी वाढू देत नाहीत, जुन्या जातील साधारण तितक्याच नव्या. इतका नळ हातात असल्यावर बेट छोटं आहे की मोठं याने काय फरक पडतो? मॉरिशसही छोटं, मालदीव तर त्याहून छोटं, पण असा नळ त्यांच्या हातात आहे का?

आणि नळ हातात आहे म्हणजे तो नेहमी आपल्या बाजूनेच सोडतील असंही नाही. २०१६ ला इथे एकाने हाँगकाँगहून वापरलेली टेस्ला आणली, त्याला वाटलं इलेक्ट्रिक आहे, सवलत मिळेल, तर उलट १५,००० डॉलरचा प्रदूषण-दंड लागला. इथल्या एलटीएने, म्हणजे रस्ते-वाहतूक खात्याने, टेस्ट करून ती गाडी किलोमीटरला ४४४ वॅट-तास खाते असं काढलं, ती वीज बनवताना होणारा कार्बन त्यात धरला आणि किलोमीटरमागे २२२ ग्रॅम झाले, आकड्यात सरळ एखाद्या दणकट पेट्रोल गाडीच्या रांगेत. इलॉन मस्कने तर पंतप्रधानांशी बोललो असं ट्विट केलं होतं. लोक हसले, पण प्रश्न चुकीचा नव्हता. इथली ९५ टक्क्यांच्या आसपास वीज नैसर्गिक वायूवर बनते, आणि तो वायू पाइपने किंवा जहाजाने बाहेरून येतो. धरणाची वीज नाही, पुरेसा वारा नाही, सोलर लावायला जागा कुठून आणायची. आज एका युनिटमागे साधारण चारशे ग्रॅम कार्बन पडतो, आमच्यासारखी साधी गाडी शंभर किलोमीटरला पंधरा युनिटं खाते असं धरलं तर किलोमीटरला साठेक ग्रॅम. पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी, पण शून्य नाही, आणि गाडीच्या मागे हिरवं पान चिकटवून फिरणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

त्यानंतर मात्र पैशाचा नळ उलटा फिरला. २०२१ पासून ईव्हीसाठी खास सवलत सुरू झाली, २०२५ मध्ये दोन योजना मिळून ४०,००० डॉलरपर्यंत सूट होती, २०२६ ला ती कमी केली. आणि एक बारीक गोष्ट, जी बाहेर कुणाला फारशी माहीत नसते: २०२२ च्या मे महिन्यापासून ११० किलोवॅटपर्यंतच्या ईव्ही छोट्या गाड्यांच्या ए कॅटेगरीत बसतात, जिथे सीओई बहुतेक वेळा स्वस्त पडतो. मग काय, कंपन्यांनी मोटरचा जोर मुद्दाम उतरवून गाड्या आणल्या. बीवायडी या चिनी कंपनीची अॅटो थ्री १०० किलोवॅटची आली, टेस्लाने मॉडेल थ्री बरोबर ११० वर आणून ठेवली. २०२१ मध्ये शंभर नव्या गाड्यांत जेमतेम चार ईव्ही होत्या, २०२४ मध्ये तिसरा हिस्सा, आणि त्या वर्षी टोयोटाला मागे टाकून बीवायडी पहिल्या नंबरवर. पर्यावरणाचा अचानक पुळका आला म्हणून नाही हो, हिशोब बसला म्हणून. पेट्रोलवरचा टॅक्स बुडतो म्हणून ईव्हीवाल्यांना रोड टॅक्समध्ये वर्षाला ७०० डॉलर जास्तीचे भरावे लागतात ते वेगळंच, सिंगापूर काही फुकट सोडत नाही.

बरं, चार्जिंग. दहातले जवळजवळ आठ लोक एचडीबीत, म्हणजे सरकारी फ्लॅटमध्ये राहतात, आम्हीही. बाराव्या मजल्यावरून वायर खाली सोडणार का? पुण्यात बंगल्याच्या पोर्चमध्ये नाहीतर स्कूटरची बॅटरी घरात उचलून आणून जे जमतं ते इथे नाही. म्हणून सरकारनेच ठरवलं की सगळ्या एचडीबी पार्किंगमध्ये चार्जर हवेत, आणि अशी पार्किंग जवळजवळ दोन हजार आहेत. पण आमच्या बहुमजली पार्किंगमध्ये गाड्या शेकड्याने आणि चार्जरच्या जागा बोटांवर मोजण्याएवढ्या. त्याही ७.४ किलोवॅटच्या, रिकामी बॅटरी भरायला रात्र लागते. दर युनिटला पन्नास-साठ सेंट, घरच्या विजेच्या दुप्पट म्हणा ना. त्यामुळे रात्री नऊनंतर पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर जे चालतं ते बघण्यासारखं असतं. कुणीतरी अॅपवर बघत बघत हळूहळू वर येतोय, जागा भरलेल्या, एकीचं चार्जिंग कधीच संपलंय पण मालक झोपलेत, मग ग्रुपवर मेसेज, "व्हाइट अॅटो थ्री, फुल ऑलरेडी, कॅन मूव्ह ऑर नॉट?" पाच मिनिटांनी शॉर्ट्स आणि चपला घातलेले एक अंकल लिफ्टमधून उतरतात, एक शब्द न बोलता जाडजूड केबल गुंडाळतात, गाडी बाजूला घेतात, आणि जाता जाता आपल्याला हात करतात. चार्ज झाल्यावर गाडी न हलवली तर काही चार्जर मिनिटावर पैसे लावतात, त्यामुळे हा समजूतदारपणा सगळा मनाचा आहे असं मी म्हणणार नाही.

आमचे पुण्याचे सेक्रेटरी यावर म्हणाले, म्हणजे भांडणं तिथेही आहेतच! आहेत ना. फरक एवढाच की सिंगापुरात पार्किंग सरकारचं, मीटर सरकारने ठरवलेल्या कंपनीचा, त्यामुळे 'एकाच्या चार्जरसाठी सगळ्यांनी केबलचा खर्च का द्यायचा' हा तुमच्या जनरल बॉडीतला तासभराचा वाद तिथे होत नाही. आपल्याकडे अडतं ते रेंजवर नाही, याच वादावर अडतं, आणि मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर हे त्याला दिलेलं नुसतं कारण आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, जो तिकडे नोकरी लागलेले हमखास विचारतात, की आल्यावर कुठली ईव्ही घेऊ. कुठलीच नको. आम्ही घेतली कारण घरात सासू-सासरे आहेत, हॉस्पिटलच्या फेऱ्या आहेत, आणि तरीही सीओई संपेल तेव्हा पुन्हा घेऊच असं नाही. एमआरटी, म्हणजे मेट्रो, आहे, आणि २०३० पर्यंत निम्म्या बस इलेक्ट्रिक करायचं ठरलंय, त्यातल्या बऱ्याच रस्त्यावर आल्यापण आहेत. फार हौस असेल तर आधी सहा महिने राहा, घर कुठे मिळतंय आणि खालच्या पार्किंगमध्ये चार्जर किती आहेत ते बघा, मग मला फोन करा.