मुंबईतून काय डोंबल दिसतं?

गच्चीवर दुर्बीण मांडली की शतपावलीला आलेलं कुणीतरी विचारतंच, ‘मुंबईतून काय डोंबल दिसतं?’ परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

तारकागुच्छ दिसतात, तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधले वायू-धुळीचे ढग, बहुतेक नाही दिसत. तारा कितीही पॉवर लावून बघा, ठिपकाच राहतो. मागचं उजळ आकाश मात्र पसरून काळवंडतं आणि तारे उठून येतात. तेजोमेघ मुळातच पसरलेला. आकाश जितकं फिकं होतं तितकाच तोही होतो. चहात पाणी ओतून दूध वेगळं निघत नाही, तसं.

माझा डॉब (डॉब्सोनियन, साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) ६ इंची. मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून पुष्यातला गुच्छ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण नळीतून पाहिला की ताटात तीळ सांडल्यासारखा. वृश्चिकाच्या नांगीजवळचाही तसाच, फक्त पावसाच्या आधी गाठायला हवा. कृत्तिका मात्र नळीत मावत नाहीत. त्यांना साधी १० बाय ५० ची (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्रीच बरी. (दुर्बिणीवर एवढे पैसे घालवल्यावर हे कबूल करणं जिवावर येतं.)

फिल्टर घेतला होता. रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर त्याचा उपयोग व्हायचा: दिव्यांचा पिवळा अडवायचा, तेजोमेघातल्या ऑक्सिजनचा ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा सोडायचा. आता एलईडी आले. त्यांच्या पांढऱ्यात हा हिरवाही असतो. फिल्टर आता बहुतेक वेळ डबीतच.

तरी काही तेजोमेघ या दिव्यांनाही पुरून उरतात. अभिजित ताऱ्याजवळ, वीणा तारकासमूहातलं कडं लहान पण ठसठशीत, धुराच्या वलयासारखं. आणि मृगातला तर राजाच! बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं लांब. मधोमध चार तारे खेटून बसलेले, भोवती राखाडी, किंचित हिरवट पिसारा. फोटोतला गुलाबी शोधू नका. अंधुक उजेडात डोळ्याला रंग फारसे कळत नाहीत. थेट रोखूनही बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा, मग पिसारा रुंदावतो.

गेल्या जानेवारीत शेजारच्या काकूंना तोच लावून दिला. डोळा लावून त्या म्हणाल्या, “काच पुसून घे रे, वाफ धरलीय.”

म्हटलं, “काकू, ती वाफच बघायचीय.”

त्या पुन्हा वाकल्या.