तुम्ही विचारलंत म्हणून: अंतराळातली दुर्बीण बिघडली तर नवी का नाही पाठवत?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हा प्रश्न ठरलेला. हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे दूरच्या ताऱ्यांभोवती राहण्याजोगे ग्रह शोधायला नासा आखत असलेली अंतराळ दुर्बीण; तिच्यात दुरुस्तीची सोय ठेवायची कशाला? बिघडली की नवी पाठवा!

दुरुस्तीपेक्षा नवी बरी, हा हिशेब मला पाठ आहे. एके काळी व्याख्यानांत मीच तो मांडत असे, आणि तो सगळाच खोटा आहे असं आजही म्हणवत नाही. २००३मध्ये कोलंबिया या अंतराळयानाच्या अपघातात सात जण गेले, त्यांत कल्पना चावला. पुढच्या वर्षी हबल या अंतराळ दुर्बिणीची शेवटची दुरुस्ती मोहीम अंतराळवीरांच्या जिवाच्या धोक्यापायी रद्द झाली, ते मला तेव्हा पटलं होतं.

ती मोहीम पुन्हा मंजूर होऊन मे २००९मध्ये झाली. हबलवरचा स्टिस हा वर्णपटमापक (प्रकाशाचे घटक रंग वेगळे करून मोजणारं उपकरण) २००४पासून वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने बंद होता. हा अख्खा खोका काढून दुसरा बसवता आला असता. पण तो अंतराळात उघडून आतलं कार्ड बदलावं लागेल, असं बांधताना कोणी धरलंच नव्हतं. झाकणाला शंभरावर बारीक स्क्रू. सुटलेला स्क्रू आत तरंगत जाऊ नये म्हणून वर आधी पारदर्शक पट्टी बसवायची, मग जाड हातमोज्यांनी एकेक काढायचा. आणि त्याच्याही आधी वाटेत अंतराळवीरांनी धरायची एक मूठ. तिच्या एका बोल्टचं डोकं झिजलं. अवजार नुसतंच फिरत राहिलं. थेट प्रक्षेपण बघताना माझ्या पोटात गोळा आला होता. खाली पृथ्वीवर नासाच्या गोडार्ड केंद्रात अभियंत्यांनी तशीच मूठ ओढून किती जोर लागतो ते पाहिलं. वर अंतराळवीर माइक मॅसिमिनोने तुकडे उडू नयेत म्हणून टेप लावली आणि मूठ हिसका देऊन उपटली. स्टिस पुन्हा चालू झाला.

लोक इथे टाळ्या वाजवतात. मला मात्र त्या हाताचीच काळजी वाटते. नवी दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर असेल आणि काम यंत्रमानवाला करावं लागेल. बोल्ट घसरतोय हे आपल्याला पाच सेकंदांनी दिसणार, 'थांब' हा आदेश पोचायला आणखी पाच. तिथे हिसका चालणार नाही. म्हणून उघडणारी दारं आणि सुटणारे जोड आराखड्यातच हवेत, म्हणजे आत्ताच.

'प्रत्येक जोड म्हणजे बिघाडाची आणखी एक जागा' हा आक्षेप खरा आहे. ताऱ्यापेक्षा हजार कोटी पटीने मंद ग्रह टिपायचा तर आरसा तसूभरही हलता कामा नये, आणि सैल जोड हलतात. दुरुस्तीला जाणारं यानही आज नाही. २०२०मध्ये एक यान इंटेलसॅट ९०१ या दळणवळण उपग्रहाला जाऊन जोडलं, पण त्याने कुठलं झाकण उघडलं नाही. अंतराळातच उपग्रहात इंधन भरून दाखवणारी नासाची ओसॅम-१ मोहीम २०२४मध्ये रद्दच झाली.

पण 'नवी पाठवा' म्हणताना कोण पाठवणार ते तरी सांगा. हबलनंतरच्या वेब अंतराळ दुर्बिणीला अतिनील प्रकाश दिसत नाही; हबलला दिसतो. आपल्या ॲस्ट्रोसॅटवरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा सुमारे ३८ सेंटिमीटरचा, हबलचा २.४ मीटर. मूठ उपटून वाचवलेल्या, अतिनीलही टिपणाऱ्या स्टिसच्या तोडीचं हबलबाहेर दुसरं काही अजून वर गेलेलं नाही.