आत्याची पडशी

दिंडीचा ट्रक पहाटेच निघून जातो. वळकट्या, तंबूचं सामान, पातेली, शेगड्या, माणसांच्या मोठ्या बॅगा, सगळं त्यात चढतं आणि तो पुढच्या मुक्कामाला जाऊन उभा राहतो. मग संध्याकाळी तंबूत पाठ टेकेपर्यंत आपलं म्हणून जे काही असतं ते फक्त खांद्यावरचं. आळंदीतच दिंडीप्रमुखांनी हे सगळ्यांना सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण त्याचा अर्थ मला दिवेघाटात समजला.

2025 च्या जून-जुलैत मी पहिल्यांदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालले. राहायला ठाण्यात, काम दिवसभर खुर्चीवर बसून. माझी आत्या बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडच्या दिंडीतून कितीतरी वर्षं चालते आहे. तिच्याच दिंडीची भिशी, म्हणजे जेवण-मुक्कामाची वर्गणी, भरली आणि महिनाभर आधीपासून तयारीला लागले. तीस लिटरची नवी सॅक घेतली. पावसाळी जाकीट आणि पँट, वीस हजार एमएएच क्षमतेचा पॉवर बँक, डोक्याला लावायची बॅटरी, स्टीलची लिटरची बाटली, औषधांची डबी, जादा बूट, सुकामेवा, वही. निघायच्या आदल्या रात्री वजन केलं तर सात किलो चारशे ग्रॅम भरलं. सह्याद्रीत दोन दिवसांच्या ट्रेकला मी एवढं ओझं कितीदा नेलंय, म्हणून काळजी वाटली नाही.

ट्रेकमध्ये मात्र आपण हवं तिथे थांबतो. वारीत थांबता येत नाही. दिंडीला तिचा क्रम असतो. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीची जागा ठरलेली. पताकाधारी, टाळकरी, मृदंग, वीणेकरी, मग तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया, अशा ओळी चालतात. तुम्ही ओळीतून बाजूला झालात की दिंडी पुढे जाते आणि मागून माणसांचा लोंढा येतच राहतो.

पुणे ते सासवड हा या वाटेवरचा सगळ्यात लांब टप्पा. हडपसर मागे पडलं, उरुळी देवाची आली, वडकीपाशी पावसाने गाठलं. माझं जाकीट सॅकच्या तळाशी होतं, कारण सकाळी निघताना ऊन होतं. रस्त्याच्या कडेला बसले, बाटली काढली, डबी काढली, बूट काढले, मग जाकीट हाती आलं. तोवर कुर्ता भिजून अंगाला चिकटला होता आणि आमच्या दिंडीचा फलक दिसेनासा झाला होता. घाई करून सॅक खांद्यावर टाकली आणि दिवेघाटाच्या पहिल्या चढावर डावा पट्टा वरच्या शिवणीतून उसवला. उरलेला घाट मी सॅक पोटाशी धरून चढले. दोन्ही हात गुंतलेले, पुढचं पाऊल दिसत नाही, आणि वर वळणावळणावर टाळांचा गजर चाललेला. टाळी वाजवायलासुद्धा हात मोकळा नव्हता, याचं मला चालण्याच्या त्रासापेक्षा जास्त वाईट वाटलं.

आत्याला फोन लागेना. एवढी लाखो माणसं एका टापूत आली की टॉवर तरी काय करणार! चहाच्या टपरीवर पैसे पाठवायला गेले तर तेही होईना. टपरीवाल्याने "असू द्या माउली, घ्या चहा" म्हणून कप हातात दिला. सासवडच्या तळावर फलक वाचत वाचत तंबूपर्यंत पोचले तेव्हा अंधार पडला होता. आत्या केव्हाच कोरडं लुगडं नेसून हरिपाठाला बसली होती.

हरिपाठ झाल्यावर तिने माझी सॅक उघडली आणि एकेक वस्तू पथारीवर मांडली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "चालता चालता जे हाताला येत न्हाई, ते असून नसल्यावानीच गं पोरी."

मग तिने आपली पडशी माझ्या मांडीवर ठेवली. पडशी मी लहानपणापासून पाहत आले होते, पण नीट निरखली त्या रात्री. जाड मांजरपाटाची लांब पिशवी, दोन्ही टोकं शिवून बंद, तोंड मधोमध. मधला भाग खांद्यावर येतो, एक पोट छातीकडे, एक पाठीकडे. दोन्हीकडे सारखा भार असला की खांदा ओढला जात नाही आणि माणूस पुढे वाकत नाही. माझ्या सॅकने मला दिवसभर मागे ओढलं होतं आणि मी तो तोल सांभाळायला कमरेतून पुढे झुकून चालले होते, हे तेव्हा ध्यानात आलं. पुढच्या पोटात पाणी, गूळ-शेंगदाणे, पंचा, गोळ्या, चष्मा, हरिपाठाची पुस्तिका. मागच्या पोटात जादा लुगडं, ताट-तांब्या आणि शाल. म्हणजे वाटेवर लागणारं सगळं पुढे, मुक्कामाला लागणारं मागे. पुढच्या पोटात आतून तिने गोडेतेलाच्या धुतलेल्या पिशव्या दाभणाने टाचून कप्पे केले होते, म्हणून गोळ्या आणि पुस्तिका कोरड्या. आणि सगळ्यात वर, तोंडाशीच, चौघडी घातलेला प्लास्टिकचा कागद. पाऊस आला की एका हाताने ओढायचा, खोळ करून डोक्यावर घ्यायचा. माणूस झाकला जातो आणि पडशीही. माझ्या महागाच्या जाकिटात मी आतून घामाने भिजत होते आणि सॅक बाहेर पावसात भिजत होती. रात्री तोच कागद पथारीखाली ओल अडवतो.

सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्री असतो, त्यामुळे दुसरा दिवस हाताशी मिळाला. तळाजवळ एका लिंबाखाली चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत बसले होते. सेवाच ती. त्यातल्या एका काकांनी माझी सॅक उलटी करून उसवलेली जागा अंगठ्याने दाबून पाहिली. "ताई, बॅग वाईट न्हाई. पट्टा नुसता कडेच्या शिवणीत दाबलाय, सगळा भार त्या एका दोऱ्यावर," ते म्हणाले. त्यांनी आतून चामड्याची दोन बोटं रुंद पट्टी लावली, दोऱ्याला मेण चोळलं, आणि आरीने आधी चौकोन शिवला, मग त्या चौकोनात फुली मारली. चौकोनामुळे भार चारही बाजूंना वाटला जातो आणि फुलीमुळे पट्टी सरकत नाही. तोवर उसवला नव्हता तो उजवा पट्टाही न सांगता तसाच शिवून दिला. पैसे घेतले नाहीत. पंढरपूरपर्यंत त्या शिवणीचा एक टाका हलला नाही. आता नवी बॅग घेताना मी रंग आणि कप्पे नंतर बघते, आधी पट्टा जिथे पाठीला जोडलाय तिथे चौकोन आणि फुली आहे का ते बघते. बाजारातल्या बऱ्याच दिसायला सुंदर बॅगांना ती नसते आणि मला त्याचा खरंच राग येतो.

त्या संध्याकाळी निम्म्याहून जास्त सामान मी ट्रकातल्या बॅगेत टाकलं. खांद्यावर तीन किलोच्या आत आणलं आणि सगळं वेळेप्रमाणे लावलं. आधी लागणारं वर, उशिरा लागणारं खाली. छातीवर एक छोटी पिशवी आडवी घेतली. तेवढ्याने चालणंच बदललं. जेजुरीच्या वाटेवर मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत चालले.

विजेचं थोडं सविस्तर सांगते, कारण घरून निघताना सगळ्यांना तीच धास्ती असते. वीस हजारचा पॉवर बँक नेऊ नका, दहा हजारचा पुरतो आणि वजन जवळजवळ निम्मं होतं. मात्र दहा हजार म्हणजे पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन दोनदा चार्ज होईल, असा हिशेब धरू नका. आतल्या सेलचा दाब 3.7 व्होल्ट, फोनला तो पाचवर चढवून द्यायचा, त्यात काही वीज उष्णतेत जाते. हाती पडतं ते सव्वा ते दीड वेळा. खरी बचत फोनमध्येच आहे. गर्दीत फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपते. मी नीरेच्या पुढे फ्लाइट मोड लावून चालू लागले. दुपारच्या विसाव्याला दहा मिनिटं आणि रात्री अर्धा तास फोन चालू, एवढंच. दिवसाकाठी चाळीस टक्केसुद्धा लागेना. वाटेवरच्या गावांत लोक ओट्यावर विजेचे बोर्ड आणून ठेवतात. एकेका बोर्डाला दहा-बारा फोन लोंबत असतात, सगळे चार्जर पांढरे. आपल्या वायरीला लाल दोरा बांधून ठेवावा. आत्याकडे बटणांचा फोन आहे, तो चार दिवसांनी एकदा लावते, आणि पहाटे त्याच्याच टॉर्चच्या उजेडात आम्ही दोघी शेताकडे जाऊन येत असू. बायकांसाठी पहाटेचा उजेड ही चैनीची वस्तू नाही. तो अगदी हाताशीच हवा.

पैसे दहा-वीसच्या नोटांत न्यावेत. कुठे ठेवायचे याला आत्याचं उत्तर म्हणजे परकराच्या नेफ्याजवळ आतून शिवलेला चोरखिसा. पाचशेच्या नोटा आणि आधारकार्डाची प्रत प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिथे, दिवसाचे सुटे बटव्यात कमरेला. पंजाबी ड्रेस शिवणारे अजूनही बायकांच्या कपड्यांना खिसा देत नाहीत, दिला तर त्यात हात मावत नाही. पुणे सोडताना मला याचा इतका जाच वाटला की लोणंदला सुई-दोरा मागून घेऊन मी दोन्ही कुर्त्यांना आतून खिसे लावले. गळ्यात एक कार्ड हवंच: नाव, गाव, दिंडीचा क्रमांक, दिंडीप्रमुखांचा नंबर. फोन बंद पडला तरी कुणीही आपल्याला आपल्या जागी पोचवतो.

पायात काय, याबद्दल प्रत्येकाचं मत निराळं. माझे बूट भिजले की दोन दिवस वाळत नसत. तरडगावनंतर पट्ट्याच्या साध्या चपलांवर आले आणि फोड थांबले.

सगळंच पडशीचं चांगलं, असं मात्र नाही. चालत्या पावलाला ती छान, पण पळायला लागलं की दोन्ही पोटं हिंदकळतात. रिंगणाला म्हणून बायका पडश्या, पिशव्या एका ठिकाणी रचतात आणि एखादी दमलेली म्हातारी त्या ढिगाला टेकून राखण बसते. पुरंदवड्याला गोल रिंगण झाल्यावर आत्याने आपली पडशी माझ्या गळ्यात घातली, पदर खोचला आणि बरोबरीच्या बाईचे हात धरून फुगडी घातली. बासष्ट वर्षांची माझी आत्या, मागे रेललेली, पायांनी धूळ उडवत गरगर फिरत होती. माझ्या एका खांद्यावर सॅक होती, दुसऱ्यावर तिची पडशी, आणि पडशीच्या पुढच्या पोटातलं पाणी छातीला गार लागत होतं.

ठाण्याला परतल्यावर मी तीन मीटर मांजरपाट आणलं आणि माप विचारायला तिला फोन केला. ती म्हणाली, "लांबी तुझ्या हातानं चार हात, रुंदी वीत आन् चार बोटं. तोंड मधी ठेव, लई मोठं कापू नगंस. आन् उरल्या कापडाचा आधी खिसा शिव परकराला."