चिनी कारखान्याशी करार : नाव, शिक्का आणि लवाद

झेजियांग प्रांतातल्या ह्वांगयानमधून प्लास्टिकच्या वस्तू काढायचे स्टीलचे मोल्ड (साचे) मागवताना भाव ठरला की मी पहिल्यांदा व्यवसाय परवान्याचा फोटो मागतो. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलावर, इंग्रजी नाव असतं, पण चीनमध्ये कंपनीची नोंद चिनी लिपीतल्या नावानंच होते. परवान्यावरचा १८ अंक-अक्षरांचा क्रमांक सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनी चालू आहे का, कायदेशीर प्रतिनिधी कोण, व्यवसायाची व्याप्ती काय, हे सगळं दिसतं. व्याप्तीत उत्पादनच नसेल, तर समोरचा बहुधा दलाल आहे.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. आपण सहीला मान देतो. तिथं लाल, गोल शिक्का बघतात. मधोमध पाच टोकांची चांदणी, भोवती कमानीत चिनी नाव. हे नाव परवान्याशी अक्षर न् अक्षर जुळवायचं, चिनी येत नसेल तरी आकार ताडून बघायचे. करारासाठीचा वेगळा शिक्काही चालतो. हिशेब खात्याचा किंवा इंग्रजी अक्षरांचा रबर स्टॅम्प मात्र घेऊ नये. पानं पंख्यासारखी सरकवून सगळ्यांच्या कडांवर मिळून एक शिक्का मारायला सांगतो, म्हणजे मधलं पान बदलता येत नाही.

सगळ्यात महागात पडणारी ओळ म्हणजे आपल्या बिलांवर सवयीनं छापलेली ‘पुणे न्यायालयाच्या अधिकारकक्षेत’. पुण्याचा हुकूमनामा हातात आला तरी चीनमधल्या मालमत्तेवर त्याची बजावणी होईल असा करार दोन्ही देशांत नाही. आणि ते कलम पुढे करून तिथलं न्यायालय आपला दावाही नाकारू शकतं. लवादाचं, म्हणजे न्यायालयाबाहेर दोघांनी मान्य केलेल्या त्रयस्थाकडून निवाडा घेण्याचं, तसं नाही. एका देशातला लवादाचा निवाडा दुसऱ्या देशात बजावता यावा, यासाठीच्या न्यूयॉर्क कराराचे भारत आणि चीन दोघेही सदस्य आहेत. मी हाँगकाँगचा लवाद लिहितो, कारण १ ऑक्टोबर २०१९ पासून तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडे प्रकरण चालू असताना चीनच्या मुख्य भूमीवरच्या न्यायालयाकडून कारखान्याची खाती गोठवून मागता येतात. निवाड्याची वाट बघत बसलं तर खात्यात काही उरेलच असं नाही.

उशिराची भरपाई ‘नुकसानीनुसार’ असं मोघम लिहू नये. दिवसाला किती, तो आकडाच घालावा. पण अवाच्या सवा नको. भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त झाली की चिनी न्यायालयं ती सहसा जास्त मानतात आणि कमी करतात.

पैसे मी ४० टक्के आगाऊ, ३० टक्के पहिल्या ट्रायलचे, म्हणजे मोल्ड पहिल्यांदा चालवून काढलेले, नमुने मोजून झाल्यावर आणि ३० टक्के माल निघण्याआधी देतो. खातं करारातल्याच नावाचं हवं. ऐन वेळी खातं बदलल्याचा ईमेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन केल्याशिवाय बँकेत जायचं नाही.

मोल्ड तिथंच ठेवून सुटे भाग काढून घेणार असाल, तर मालकी कुणाची आणि मागितल्यावर किती दिवसांत मोल्ड सोडायचा, हे लिहा. स्टीलवर आपलं नाव कोरून घ्या आणि त्याचा फोटो कराराला जोडा. त्यावरही शिक्का हवाच.