खड्या दुपट्ट्याचा हिरवा रंग : माझा अनुभव

लग्नाला बावीस दिवस उरले असताना हैदराबादहून पार्सल आलं. अम्मीने पलंगावर पांढरी चादर अंथरली, माझ्या निकाहच्या पोशाखातला आधी कुर्ता काढला, मग खडा दुपट्टा, म्हणजे हैदराबादी नवरीचा लांब दुपट्टा, काढला, आणि आम्ही दोघी गप्पच झालो. कुर्ता ठरल्याप्रमाणे बाटली हिरवा होता आणि दुपट्टा कैरीच्या सालीसारखा. त्या दुकानाचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. ज्यांच्या घरी जोडा, म्हणजे नवरीचा पोशाख, शिवायला टाकायचा आहे त्यांनी निदान दुकानाचा भाग तरी वाचावा.

रंग ठरायला तसा वेळ लागला नव्हता. आम्ही सोलापूरचे. आमच्या नात्यातल्या बहुतेक घरांत लग्नाची खरेदी म्हणजे चारमिनारजवळचा लाड बाजार आणि पथ्थरगट्टी. निकाहचा जोडा सांचकला, म्हणजे लग्नाआधीच्या एका समारंभात, सासरकडून येतो, त्यामुळे रंगावर सासरचा शब्द चालतो, आणि रिवाज लालचा. माझ्या सासूबाईंनी मात्र पहिल्याच बैठकीत सांगितलं, "घालायचं तिला आहे, रंग तिलाच सांगू दे." त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणी विचारायच्या, तुमच्यात रंग ठरलेला असतो का गं? नाही. निकाहला लागतात ईजाब-कबूल (प्रस्ताव आणि होकार), साक्षीदार आणि मेहर (वराने वधूला द्यायची रक्कम). आमच्या निकाहनाम्यात वधू-वरांची नावं, वकील (वधूतर्फे बोलणारा), साक्षीदार, मेहरची रक्कम, सगळ्याचे रकाने होते, कपड्याच्या रंगाचा नव्हता. मला मनापासून हवा होता मोतिया, म्हणजे मोत्यासारखा पांढरा. पांढरे कपडे घाला, ते सर्वांत चांगले, अशी हदीसही (पैगंबरांचं वचन) आहे, त्यामुळे कुणी हरकत घेईल असं वाटलं नव्हतं. हरकत नानीने घेतली. "सफेद नक्को बेटा. चार महिने दस दिन वोइच रंग पेनी मैं." नाना गेले तेव्हा ती इद्दतीत, म्हणजे विधवेने पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या काळात, बसली होती. तो काळ तिने पांढऱ्यात काढला, आणि मी तेव्हा शाळेत होते, रोज तिच्या खोलीत डबा घेऊन जायचे. मी मोतियाचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग हिरवा. कुराणातल्या सूरह कहफमध्ये जन्नतवाल्यांच्या अंगावर हिरवे रेशमी कपडे असतील असं आलं आहे, ते वाचल्यापासून हा रंग माझ्या मनात होताच. मामू म्हणाले, गुंबद-ए-खजराचा रंग आहे, पायात येऊ नये. अब्बांनी सांगितलं की मदिनेतल्या पैगंबरांच्या मशिदीवरच्या त्या घुमटाला हिरवा रंग 1837 साली दिला गेला, त्याआधी तो हिरवा नव्हता. पण मोठ्या माणसाचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून चुडीदार सोनेरी ठरवला आणि दुपट्टा जमिनीला टेकू देणार नाही असं कबूल केलं. मामू खूश, मीही खूश.

आता दुकान. तिथे मी कापडाचा नमुना ट्यूबलाइटखाली पाहिला, "हाच" म्हटलं आणि आगाऊ पैसे दिले. नमुन्याची कतरण मागितली नाही. बिलावर त्यांनी फक्त "ग्रीन" लिहिलं, तेही मी चालवून घेतलं. महिनाभराने व्हॉट्सॅपवर फोटो आला, माझ्या फोनवर दोन्ही कपडे सारखे दिसले, मी होकार कळवला. हैदराबादी खडा दुपट्टा सहा वारांचा असतो. तो खांद्यांवर लावून पिना मारल्या की नवरीच्या अंगावर दिसतो तो दुपट्टाच. तोच चुकला तर राहिलं काय?

पार्सल उघडल्यावर फोन केला. "मॅडम, लाइट का फरक है." उन्हात फोटो काढून पाठवला. "वर्क के कारण वैसा लगता है." दुसऱ्या दिवशी मालक नाहीत. तिसऱ्या दिवशी कारागीर गावाला गेलाय. पाचव्या दिवशी, परत पाठवा, बघतो. किती दिवसांत? "बोल नहीं सकते." सातव्या दिवशी बिलाच्या तळाची ओळ वाचून दाखवली, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. या आठवड्यात मी जेवले कमी आणि फोन जास्त केले. अब्बांना जाऊन यायला सांगणार होते, पण घरात मांडव, पत्रिका, हॉल, त्यांना कुठे वेळ!

शेवटी अम्मीच्या ओळखीच्या एका रंगाऱ्यांकडे गेलो. चाचांनी दोन्ही कपडे घेऊन सरळ दाराबाहेर उन्हात धरले. दुपट्ट्याच्या टोकाचा एक धागा ओढून पेटवला. तो वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. कुर्त्याचा धागा जळलेल्या केसासारखा वास देऊन चुरगळला. कुर्ता रॉ सिल्कचा, दुपट्टा नायलॉनच्या नेटचा. एकाच रंगात बुडवले तरी दोघांवर रंग वेगळा उतरणार, नेटची मात्रा वेगळी धरावी लागते, हे त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. दुकानाने आठवडाभरात सांगितलं नाही. फिकट कापड गडद करता येतं, गडदचं फिकट नीट होत नाही, त्यामुळे आमचं काम होण्यासारखं होतं. फक्त किनारीवर जरदोजी, म्हणजे धातूच्या तारेचं भरतकाम, होती, आणि उकळत्या रंगात ती तार काळी पडते. "किनार उसवून आणा," म्हणाले.

त्या रात्री नानी, अम्मी आणि मी, तिघी बसलो. नानीने चष्मा लावला, नवं ब्लेड कागदात अर्धं गुंडाळून धरलं आणि एकेक टाका कापत गेली. नेट फाटू नये म्हणून कापड गुडघ्यावर ताणून, धागा उलट्या बाजूने. माझ्या हातून एका जागी भोक पडलं, तिने मला बाजूला करून सुया ओवायला लावलं. फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या, अजानला किनार सुटली. ब्याऐंशीव्या वर्षी! मला तिचा केवढा अभिमान वाटला.

चाचांनी आधी वीतभर तुकडा रंगवला, पूर्ण वाळवला आणि मगच दाखवला, कारण ओलं कापड नेहमी गडद दिसतं. दुसऱ्या तुकड्यावर रंग जुळला. किनार परत लागली तेव्हा लग्नाला चार दिवस होते.

पैशांचं सांगते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरतात. ती छापील ओळ वाचून मी उगाच घाबरले. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि वलीम्यानंतरच्या (लग्नानंतर सासरकडच्या मेजवानीनंतरच्या) आठवड्यात दुकानाने दुपट्ट्याचे पैसे परत केले. बिल, फोटो आणि व्हॉट्सॅपवरचं सगळं बोलणं जपून ठेवा.

कतरण दोन घ्या, एक बिलाला टाचून त्यावर दुकानाची सही, एक पर्समध्ये. कापड दुकानाच्या दाराशी उजेडात पाहा. हॉलचे दिवे आधी बघून या, आमच्या हॉलच्या पिवळ्या दिव्यांत हिरवा काळपट दिसला असता, म्हणून निकाह जुहरनंतर, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर, अंगणातल्या मांडवात केला. पांढऱ्याबद्दल, लालबद्दल, कशाहीबद्दल, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा.

बांगड्यांचं राहिलंच. लाड बाजारातून लाखेच्या आणल्या होत्या, त्या दुकानाच्या चुकीच्या हिरव्याला जुळणाऱ्या निघाल्या. मग आदल्या दिवशी शेजारच्या काकूंनी हिरवा काचेचा चुडा आणला आणि स्वतः भरला. दुपट्ट्याशेजारी हात धरून पाहिला. उन्हातही जुळला.