मागून हॉर्न वाजला की

कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला सिग्नल हिरवा होतोय न होतोय, तोवर मागचा हॉर्न दाबतो. पुढच्या दोन सेकंदांत आपल्या अंगात काय होतं ते एकदा नीट बघा. जबडा आवळतो. श्वास मध्येच अडकतो. खांदे वर चढतात, हँडलवरची मूठ घट्ट होते, डावा अंगठा हॉर्नच्या बटणावर जातो आणि मान मागं वळेपर्यंत शिवी ओठांवर आलेली असते. यातलं काहीच ठरवून केलेलं नसतं. आपण चिडलोय हे कळतं ते त्यानंतर.

तापल्या तव्याला बोट लागलं की चटका जाणवायच्या आधीच हात मागं येतो, कारण तो हुकूम मज्जारज्जूतून सुटतो. राग मेंदूतून येतो खरा, पण तिथंही धोका ओळखणारी यंत्रणा विचाराच्या आधी अंगाला कामाला लावते. म्हणून 'आजपासून चिडायचंच नाही' हा निश्चय दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. ठिणगी पडणं आपल्या हातात नसतंच. ती पडल्यापासून अंगठा बटणावर जाईपर्यंतचा क्षण तेवढा आपला, आणि सराव करायचा तो तिथंच.

दिवसभर सजग राहायला जाऊ नका, जमत नाही. एकच जागा निवडा: हा सिग्नल, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा भावकीचा ग्रुप, किंवा मुलाच्या हातून सांडलेलं दूध. पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त अंगातली पहिली खूण शोधा. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाच्या पोटात गोळा येतो. खूण सापडली की तिला एक छोटी कृती जोडा आणि वाक्य वहीत लिहून ठेवा: 'मागून हॉर्न वाजला, तर मी अंगठा हँडलखाली घेईन आणि श्वास सोडेन.' पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं अशा 'जर-तर' योजनांवर बरंच काम केलंय. 'ओरडणार नाही' असं लिहिलं तर उपयोग होत नाही, कारण त्यात हातांना करायला काहीच नसतं.

श्वासाचंही तसंच. लोक छाती फुगवून मोठा श्वास घेतात आणि धडधड आहे तशीच राहते. सोडण्यावर भर द्या: चार आकड्यांत आत, सहा ते आठ आकड्यांत बाहेर, असं तीनदा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांब हवं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपासचं काम. मनात 'राग आलाय' एवढंच म्हणा. 'तो माजलाय' म्हटलं की भांडण सुरूच झालं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती राग गिळण्यात. तोंड बंद, जबडा तसाच आवळलेला, आणि संध्याकाळी घरी चपलेच्या जागेवरून स्फोट. ती सजग कृती नव्हेच, प्रतिक्रिया फक्त लांबणीवर पडलेली असते. भूक आणि अपुरी झोप असेल तर सराव हमखास फसतो. अशा दिवशी ग्रुपवरचं उत्तर लिहायचंच झालं तर नोट्समध्ये लिहा, जेवून पुन्हा वाचा, मग पाठवायचं की नाही ते ठरवा.

न ठरवता घडणारं सगळंच वाईट, असं मात्र समजू नका. तालमीतला पैलवान समोरच्यानं पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, हात घातला की विचार करत बसत नाही, पाय मागं टाकून अंगाचं वजन देतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात जे क्षणात दिसतं, ते वस्तादानं तांबड्या मातीत शेकडो वेळा घोटून घेतलेलं असतं. आपलंही घोटूनच बसतं. फिलिपा लॅली या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या साध्या सवयी 96 जणांवर पाहिल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाला 254 दिवसांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

आणि सजग माणूस कायम मवाळच बोलतो असंही नाही. शाळा सुटायच्या वेळी कुणी झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आडवी लावली, तर श्वास सोडून, त्याच्या डोळ्यांत बघून चढ्या आवाजात म्हणावंच: "भावा, गाडी मागं घे, पोरं जायला लागल्यात."