वस्तरा, दगड आणि बोअरचं पाणी

परभणी, मे, रविवार

वस्तऱ्याने दाढी शिकणारा गाल कापला की हाताला दोष देतो. दोष बहुतेक वेळा धारेचा. बोथट पातं केस ओढतं, ओढलं की माणूस दाबतो आणि दाबलं की कापतं. म्हणून दाढी आणि धार या दोन विद्या एकदम शिकू नयेत. सलूनवाले अर्धं ब्लेड घालतात तसला वस्तरा आणावा आणि आधी त्याच्यावर हात बसवावा. कुणी म्हणेल, हा काही खरा वस्तरा नव्हे. नसेना का!

पातं गालाशी साधारण तीस अंशांत धरायचं. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची आणि केसांच्या रोखाने इंच-दीड इंचाचे हात मारायचे. सुरीने भाजी चिरतो तसं पातं धारेच्या रेषेत आडवं सरकवलं की हमखास कापतं. सुरुवातीला फक्त दोन्ही गाल. हनुवटी आणि मिशीची जागा रोजच्या रेझरवर सोडावी.

आपल्याकडे निम्मी गडबड पाण्याची आहे. बोअरच्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम. साबण फेसाऐवजी चोथा धरतो. पाणी उकळून, निवळून वरचं घ्यावं, नाहीतर फिल्टरचं. आणि दाढी होईस्तोवर पंखा बंद. या उन्हात फेस मिनिटभरात वाळतो, वाळल्या फेसावर चांगली धारही अडखळते.

हात बसला की खरा वस्तरा, आणि त्याला धार लावायचे दगड. १०००, ४००० आणि ८००० नंबरचे तीन पुरतात. नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. १००० चा दगड बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, पाण्यात ठेवायचा. बारीक दगडांवर बहुधा नुसतं पाणी शिंपडलं तरी भागतं. दगड सपाट हवा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून काचेवर ठेवलेल्या ओल्या वॉटर पेपरवर, म्हणजे पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरवर, घासावा. सगळ्या रेघा गेल्या की सपाट झाला.

वस्तऱ्याचा कोन धरावा लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, आणि धार दोन्ही दगडाला टेकली की कोन आपसूक बसतो. दगडावर धार पुढे, पाठ मागे. पातं दगडाहून लांब असेल तर टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या बाजूपासून, टोकापर्यंत तिरकं ओढत न्यावं. उलटवताना पाठीवरूनच उलटवायचं. धारेच्या उतारावर मार्करची शाई लावून दोन-चार हात मारून बघावं. शाई उरली तिथं दगड लागलेला नाही. पाठ मात्र उचलू नये, धार गोल होते.

खरं काम १००० वरच होतं. दोन्ही बाजूंचे उतार टोकापासून टाचेपर्यंत एकमेकांना भिडेपर्यंत पुढच्या दगडाला हात लावायचा नाही. मनगटावरचे केस पात्याच्या प्रत्येक भागाने सारखे निघाले पाहिजेत. इथं घाई केली की ८००० वर तासभर घासूनही धार चकचकीत दिसते आणि केस ओढतेच. ४००० ने आधीचे ओरखडे काढायचे, ८००० वर नुसतं पात्याचं वजन. भंगारात सापडलेल्या वस्तऱ्याच्या धारेतच गंजाचे खड्डे असतील तर नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये.

एवढी केलेली धार लोक घालवतात ती चामड्याच्या पट्ट्यावर. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे, दगडाच्या बरोबर उलट. पट्टा ताणलेला हवा. सैल पट्टा धारेभोवती वाकतो आणि तिला गोल करतो. दर दाढीआधी कापडी बाजूवर वीसेक फेऱ्या, चामड्यावर पन्नासेक, हलक्या हाताने. वेग महत्त्वाचा नाही. सिनेमातल्या न्हाव्यासारखा सटासट आवाज काढायला गेलं की पट्टा चिरतो, म्हणून पहिला पट्टा स्वस्तातलाच घ्यावा. पट्ट्यावर फिरवूनही वस्तरा ओढू लागला तर ८००० वर मोजके हात बास. लगेच १००० वर जायची गरज नसते.

दाढीनंतर चेहऱ्यावर ओली तुरटी फिरवायची. पातं धुऊन मऊ कपड्याने पुसायचं, पण पाठीकडून धारेकडे. सांध्यातलं पाणी विसरू नये, गंज तिथूनच धरतो. पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून वस्तरा न्हाणीघराबाहेर ठेवावा. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं.